गाडीतला नकाशा: पैसे मोजावेत की नाही?

(सामुदायिक रेडिओवरून झालेल्या भाषणाचा मजकूर)



आज आपण गाडीबद्दल बोलणार आहोत. "आमचा आणि गाडीचा काय संबंध?" असं म्हणून रेडिओ बंद करू नका. मसाला, पापड, शेवया, भाजी घेऊन गटाच्या बायका आता तालुक्याला जातात, जिल्ह्याच्या प्रदर्शनाला जातात. कुठे गटाने कर्ज काढून गाडी घेतली आहे, कुठे घरच्या गाडीचं स्टिअरिंग सुनेच्या, लेकीच्या हातात आलं आहे. गाडी घ्यायला शोरूममध्ये गेलं, की एक प्रश्न हमखास समोर येतो. सेल्समन सांगतो, "ताई, साधं मॉडेल घेण्यापेक्षा वरचं घ्या. त्यात नेव्हिगेशन आहे. रस्ता गाडीच सांगते. कुणाला विचारायची गरज नाही."

मोठा चकचकीत पडदा, त्यावर निळी रेघ, गोड आवाजात "पुढे उजवीकडे वळा". बघायला छान वाटतं. पण त्या पडद्याचे पैसे आपल्या बचतीतून जाणार असतात. तेव्हा ही वस्तू नेमकी काय आहे आणि आपल्या कामाची आहे का, हे आज नीट बघू.

आधी पैशाचा हिशोब. समजा साध्या आणि वरच्या मॉडेलमध्ये साठ हजारांचा फरक आहे. गाडीगाडीत हा फरक कमीजास्त असतो, आपण उदाहरणापुरता हा आकडा धरू. सेल्समन म्हणेल, "हप्त्यात फक्त बाराशे-तेराशे रुपये वाढतात." ते खरं आहे. ६०,००० रुपये १० टक्के व्याजाने ५ वर्षांसाठी घेतले, तर हप्ता महिन्याला साधारण १,२७५ रुपयांनी वाढतो. पण ६० हप्ते फिटेपर्यंत आपण साधारण ७६,५०० रुपये दिलेले असतात. गटात बारा जणी असल्या, तर एकीच्या वाट्याला ६,३७५ रुपये आले. महिन्याला दोनशे रुपये बचत टाकणाऱ्या बाईची ही दोन वर्षं आठ महिन्यांची बचत झाली. शिवाय गाडीची किंमत वाढली की रस्ता कर वाढतो, विम्याचा हप्ताही वाढतो. म्हणून "महिन्याला किती?" एवढंच विचारू नका. "सगळं मिळून किती?" असं विचारा.

आता ही वस्तू काम कशी करते ते बघू. नेव्हिगेशन म्हणजे एकच यंत्र, असं आपल्याला वाटतं. खरं तर त्यात तीन वेगवेगळी कामं असतात.

पहिलं काम, आपण कुठे आहोत हे ओळखणं. त्यासाठी आकाशात उपग्रह आहेत. अमेरिकेच्या जीपीएस यंत्रणेचे उपग्रह जमिनीपासून साधारण वीस हजार किलोमीटर उंचीवरून फिरतात. भारताच्या इस्रोचीही 'नाविक' नावाची यंत्रणा आहे. तिचा पहिला उपग्रह २०१३ साली गेला. उपग्रह सतत वेळेचे संकेत पाठवतात. निदान चार उपग्रहांचे संकेत मिळाले, की गाडीतलं किंवा फोनमधलं यंत्र गणित करून आपली जागा काढतं. याला इंटरनेट लागत नाही, रिचार्ज लागत नाही. हे संकेत फुकट आहेत.

दुसरं काम, नकाशा. जागा कळली, पण ती जागा कुठल्या रस्त्यावर, कुठल्या गावात, हे नकाशा सांगतो. नकाशा एक तर गाडीत किंवा फोनमध्ये साठवलेला असतो, नाहीतर इंटरनेटवरून येतो.

तिसरं काम, ताजी बातमी. पुढे गर्दी आहे, रस्ता बंद आहे, दुसऱ्या वाटेने लवकर पोहोचाल, हे सांगायला इंटरनेट लागतंच. नेटवर्क गेलं की ही बातमी थांबते.

ही तीन कामं लक्षात ठेवा, म्हणजे शोरूममध्ये कोणी आपल्याला फसवू शकणार नाही. "आमचं जीपीएस नेटवर्कशिवाय चालतं" असं सेल्समन म्हणाला, तर म्हणा, "भाऊ, ते माझ्या फोनमध्येही चालतं. तुमचा नकाशा गाडीत साठवलेला आहे का, ते सांगा."

जाता जाता एक गोष्ट सांगते. जीपीएस अचूक व्हायचं, तर पृथ्वीचा नेमका आकार माहीत हवा. पृथ्वी चेंडूसारखी गोल नाही, कुठे दबलेली आहे, कुठे फुगलेली. हा आकार गणितात मांडणाऱ्यांमध्ये ग्लॅडिस वेस्ट नावाच्या एक कृष्णवर्णीय बाई होत्या. अमेरिकेत व्हर्जिनिया राज्यातल्या शेतकरी घरात १९३० साली त्यांचा जन्म झाला. शेतात राबायचं नाही, शिकायचं, असं ठरवून त्या गणित शिकल्या आणि १९५६ सालापासून नौदलाच्या केंद्रात त्यांनी चार दशकं काम केलं. तेव्हा "हे यंत्राचं काम, बायकांना काय कळतंय?" असं कोणी म्हणालं, तर हे नाव ऐकवा.

आता मुख्य मुद्दा. गाडीच्या पडद्यावर दिसणारा नकाशा तीन प्रकारचा असतो. पडदा सारखाच दिसतो, पण आतलं प्रकरण वेगळं असतं.

एक प्रकार म्हणजे गाडीतच साठवलेला नकाशा. फोन नसला, नेटवर्क नसलं, तरी चालतो. हा खरा अंगभूत नकाशा. पण रस्ते बदलत जातात. नवा बायपास होतो, नवा पूल होतो, रस्ता चौपदरी होतो. साठवलेला नकाशा अपडेट केला नाही तर तो जुनाच राहतो. मग गाडी नव्या रस्त्यावर धावत असते आणि पडद्यावर ती शेतातून चाललेली दिसते.

दुसरा प्रकार म्हणजे गाडीत सिम असतं आणि नकाशा इंटरनेटवरून येतो. याला कंपनीवाले 'कनेक्टेड' म्हणतात. ही सेवा बहुतेक वेळा सुरुवातीची काही वर्षं गाडीबरोबर मिळते, मग पैसे भरून पुढे चालू ठेवावी लागते. किती वर्षं फुकट आणि नंतर वर्षाला किती, हे आधीच विचारा.

तिसऱ्या प्रकारात गाडीत नकाशा नसतोच. आपला फोन गाडीला जोडायचा, की फोनमधला नकाशा गाडीच्या मोठ्या पडद्यावर दिसतो. अँड्रॉइड ऑटो किंवा ॲपल कारप्ले अशी नावं तुम्ही ऐकाल. पुष्कळ गाड्यांत ही सोय मधल्या मॉडेलमध्येच मिळते, सगळ्यात वरचं घ्यावं लागत नाही. पडद्यावर नकाशा बघून "यात नेव्हिगेशन आहे" असं आपण समजतो, पण ते सगळं फोनच्या जिवावर चाललेलं असतं. ते वाईट मुळीच नाही. फक्त आपण कशाचे पैसे देतोय, ते माहीत हवं.

आणखी एक बघा. भारतातल्या बऱ्याच गाड्यांमध्ये मॅपमायइंडिया या दिल्लीच्या कंपनीचे नकाशे असतात. १९९५ साली राकेश आणि रश्मी वर्मा या नवरा-बायकोने ही कंपनी सुरू केली. तिचंच मॅपल्स नावाचं ॲप फोनवर फुकट मिळतं. गूगल मॅप्सही फुकट आहे. म्हणजे वरच्या मॉडेलमध्ये पैसे मोजून जे मिळतं, त्यातलं बरंचसं आपल्या पिशवीतल्या फोनमध्ये आधीच असतं.

"पण आमच्याकडे घाटात रेंज नसते," असं तुम्ही म्हणाल. बरोबर आहे. त्यालाही उपाय आहे. गूगल मॅप्समध्ये आपल्या जिल्ह्याचा आणि शेजारच्या जिल्ह्याचा नकाशा आधीच डाउनलोड करून ठेवता येतो. रेंज असलेल्या ठिकाणी, शक्यतो वायफायवर, हे काम करायचं. मग घाटात रेंज गेली तरी रस्ता दिसतो. गर्दीची बातमी तेवढी मिळत नाही. डाउनलोड केलेला नकाशाही अधूनमधून अपडेट करावा लागतो, हे विसरू नका. कुणाला जमत नसेल, तर गटातल्या कॉलेजात जाणाऱ्या मुलीला विचारा. दोन मिनिटांचं काम आहे.

मग फोनच चांगला, असं म्हणून मोकळं व्हावं का? नाही. दुसरी बाजूही ऐका.

फोन उन्हात डॅशबोर्डवर तापतो, चार्जिंग संपतं, रस्ता बघताना मध्येच फोन वाजतो. आणि सगळ्यात मोठी अडचण आपल्या घरातली आहे. स्मार्टफोन असतो नवऱ्याचा नाहीतर मुलाचा. बाईच्या हातात बटणांचा फोन. ज्या दिवशी ती गाडी घेऊन निघते, त्या दिवशी चांगला फोन दुसऱ्याच्या खिशात असतो. गाडीतला नकाशा मात्र गाडीबरोबरच राहतो. कुणाकडे मागावा लागत नाही. हे फार मोठं बळ आहे आणि ते मी कमी लेखणार नाही. बोगद्यात उपग्रहांचे संकेत पोहोचत नाहीत. तिथे काही गाड्यांतली यंत्रं चाकांच्या फेऱ्यांवरून अंदाज बांधून जागा दाखवत राहतात, हाही एक फायदा.

तरीही हिशोब मांडून बघा. अडचण फोन नसण्याची असेल, तर गटाच्या नावावर दहा-बारा हजारांचा एक स्मार्टफोन आणि काही शे रुपयांचा स्टँड घेता येतो. तोच फोन ऑर्डर घ्यायला, पैसे स्वीकारायला, मालाचे फोटो पाठवायलाही चालतो. गाडीतल्या पडद्याचा उपयोग गाडीत बसल्यावरच.

कायद्याचंही सांगून ठेवते. गाडी चालवताना फोन हातात धरून बोलणं हा मोटार वाहन कायद्याप्रमाणे गुन्हा आहे. १ ऑक्टोबर २०२० पासून लागू झालेल्या नियमात रस्ता बघण्यापुरता फोन वापरायला मुभा दिली आहे. अट एकच, चालवणाऱ्याचं लक्ष रस्त्यावरून उडता कामा नये. म्हणून फोन स्टँडवरच हवा आणि गाव निघण्याआधीच टाकायचं. चालत्या गाडीत पडद्यावर बोटं फिरवायची नाहीत. गाडीचा स्वतःचा पडदा असला तरी हेच. शेजारी बसलेल्या मैत्रिणीने नकाशा बघावा, चालवणारीने रस्ता बघावा.

नेव्हिगेशन आणि ट्रॅकर यांतही गल्लत करू नका. नकाशा आपल्याला रस्ता सांगतो. ट्रॅकर आपली गाडी कुठे आहे, ते दुसऱ्याला सांगतो. गटाची गाडी प्रवासी भाड्यासाठी लावायची असेल, तर जागा कळवणारं यंत्र आणि संकटाचं बटण याबद्दल केंद्र सरकारचा वेगळा नियम आहे. आपल्या गाडीला तो लागू होतो का, हे आरटीओत विचारूनच पुढे जा. नेव्हिगेशन असलेलं मॉडेल घेतलं म्हणजे तो नियम पाळला गेला, असं होत नाही.

आता जिवाशी गाठ असलेली गोष्ट. जानेवारी २०२१ मध्ये, तेव्हाच्या अहमदनगर आणि आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात, अकोले तालुक्यातल्या कोतूळजवळ रात्री एक गाडी पाण्यात गेली. नकाशा पूल दाखवत होता. पूल होताही, पण धरणाच्या पाण्याखाली गेलेला. गाडी चालवणाऱ्याचा जीव गेला. नोव्हेंबर २०२४ मध्ये उत्तर प्रदेशात बरेलीजवळ रामगंगा नदीवरच्या अर्धवट पुलावरून गाडी खाली कोसळली आणि तीन माणसं गेली. नकाशाने दाखवलेल्या रस्त्याने ती निघाली होती, असं तेव्हा बातम्यांत आलं.

या दोन्ही गोष्टी कुणाला घाबरवायला सांगत नाही. नकाशाला रस्त्याची रेघ माहीत असते. आज सकाळी ओढ्याला पाणी आलं, फरशी पूल बुडाला, दरड आली, हे त्याला कोणीतरी कळवल्याशिवाय कळत नाही. नकाशा फुकटाचा असो की साठ हजारांचा, या बाबतीत दोघं सारखेच. उलट अपडेट न केलेला गाडीतला नकाशा जास्तच मागे असतो. म्हणून पावसाळ्यात आणि रात्री अनोळखी आडवाट धरायची नाही. दहा मिनिटं जास्त लागली तरी हमरस्ता. आणि शंका आली की काच खाली करून टपरीवर, एसटी थांब्यावर विचारायचं. "कुणाला विचारायची गरज नाही" हे सेल्समनचं वाक्य तेवढं शोरूममध्येच सोडून या.

आपल्या गावांची नावंही नकाशाला गोंधळात टाकतात. एक बुद्रुक, एक खुर्द. एकाच नावाची गावं चार तालुक्यांत. पिंपळगाव म्हटलं तर कुठलं? वडगाव म्हटलं तर कुठलं? गाव टाकताना तालुका आणि जिल्हा बघूनच बोट लावा. वाड्या, वस्त्या, पाडे, मळे तर कितीतरी वेळा नकाशावर नसतातच. ते आपल्याला फोनवरून घालता येतात. गूगल मॅप्समध्ये नसलेली जागा सुचवता येते, ती तपासून नकाशावर घेतली जाते. आपलं गटाचं विक्री केंद्र, अंगणवाडी, वस्ती असं नकाशावर आलं, तर गिऱ्हाईकही नीट पोहोचेल. यालाही पैसे लागत नाहीत.

तर मग ठरवायचं कसं? मी एक साधी रीत सुचवते. गाडी बुक करण्याआधी महिनाभर गटाच्या वहीत एक पान राखून ठेवा. माल घेऊन, कामासाठी, दवाखान्यासाठी जी जी फेरी होईल, ती लिहा. रिक्षाने गेलात, एसटीने गेलात, कुणाच्या गाडीने गेलात, तरी लिहा. प्रत्येक फेरीपुढे तीन खुणा करायच्या. रस्ता ओळखीचा होता की नवा? वाटेत रेंज गेली का? बरोबर स्मार्टफोन होता का? महिन्याच्या शेवटी मोजा. वीसपैकी अठरा फेऱ्या त्याच बाजाराच्या, त्याच तालुक्याच्या निघाल्या, तर नकाशासाठी वरचं मॉडेल घेऊ नका. नवे रस्ते बरेच निघाले, रेंज वारंवार गेली आणि फोनचीही खात्री नाही, तर गाडीतल्या नकाशाचा विचार जरूर करा. परजिल्ह्यात, परराज्यात माल नेणाऱ्या, आळीपाळीने चार जणी गाडी चालवणाऱ्या गटाला तो उपयोगी पडू शकतो.

विचार करायचा ठरला, तर शोरूममध्ये चाचणी घेतल्याशिवाय पैसे देऊ नका. सेल्समनच्या यादीतलं मोठं शहर टाकून बघू नका, आपली वाडी टाका. ती सापडते का बघा. आपल्या फोनचं इंटरनेट बंद करून विचारा, "आता चालवून दाखवा." आवाज मराठीत आहे का, नाहीतर कुठल्या भाषेत, ते कानाने ऐका. नकाशा अपडेट कोण करणार, कुठे करणार, किती वर्षं फुकट आणि नंतर किती पैसे, हे कागदावर लिहून मागा. पडदा बिघडला तर वॉरंटी किती आणि नवा केवढ्याला, तेही विचारा. काही गाड्यांत एसीसुद्धा त्याच पडद्यावरून चालतो, तेव्हा पडदा गेला की सगळंच अडतं.

आणि सगळ्यात आधी हे बघा, की त्याच पैशात दुसरं काय येतं. साध्या आणि मधल्या मॉडेलमध्ये एअरबॅगचा, मागच्या काचेच्या वायपरचा, मागे बघायच्या कॅमेऱ्याचा फरक असेल, तर तो पैसा आधी तिकडे घाला. अपघात झाला तर एअरबॅग जीव वाचवते. विमा पूर्ण घ्या, टायर चांगले ठेवा, दोन जणींना पक्कं लायसन्स काढून द्या. हे सगळं होऊन पैसे उरले, तर नकाशा. आणि सुरक्षेच्या वस्तूंसाठी वरचं मॉडेल घेतलं आणि त्यात नकाशा आपसूक आला, तर आनंदाने वापरा.

माझं मत विचाराल, तर ओळखीच्या बाजारपेठांत फिरणाऱ्या आपल्यासारख्या बहुतेक गटांना फोन जोडता येईल असा पडदा किंवा नुसता स्टँड पुरेसा आहे. पण माझ्या मतावर जाऊ नका. वहीतलं पान काय सांगतं, ते बघा. पुढच्या बैठकीत हा विषय मांडा, आकडे मोठ्याने वाचा, जी गाडी चालवणार आहे तिचं आधी ऐका आणि मग ठराव लिहा. खरेदीचा निर्णय शोरूमच्या गार हवेत बसून घ्यायचा नसतो. तो बैठकीत, वही उघडून घ्यायचा असतो.

आजच्यापुरतं इतकंच. गाडी जपून चालवा. नमस्कार.